तोंडात दही, मातीवर म

मनकर्णाबाईंची बोलायची संधी आयुष्यात एकदाच हुकली. पुढे ती त्यांनी दुसऱ्या कोणाला फारशी मिळू दिली नाही. पण ही गोष्ट त्या नऊ वर्षांच्या होत्या तेव्हाची, दर्यापूरकडच्या त्यांच्या काळ्या वावरातली.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिथला कापूस अडला होता आणि इकडे वऱ्हाडात, कापसाचा भाव चढला म्हणून, लोकांना उभ्या उभ्या स्वप्नं पडत होती. मनकर्णाच्या वडिलांना, जानरावांना, तर गाडी हाकतानाही पडत. गाडी हलकी हलकी होई, बैलांचे खूर जमीन सोडत, खाली अमरावतीचा बाजार तिळाएवढा दिसू लागे. खड्डा आला की जानराव खाली येत.

अशात सरकारचे दोन हुकूम एकाच महिन्यात गावात आले. पहिला, कापसात काडीकचरा दिसला तर खैर नाही. दुसरा, मारुतीच्या देवळातल्या शाळेत वीस पोरं भरली नाहीत तर शाळा बंद. आता बोंडातून कापूस पान न लागता ओढायचा तर बारीक बोटं लागतात, आणि ती पोरांनाच असतात. सरकारला हे ठाऊक नसावं. सरकारची बोटं जाड.

मनकर्णाची बोटं गावात सर्वांत बारीक; मन मात्र देवळाच्या भिंतीपलीकडे. पंतोजींना ताक पोचवता पोचवता तीन महिन्यांत तिने पाटीवरचं एक अक्षर डोळ्यांत भरून घरी आणलं होतं.

"बा, मी बसू का शाळंत?"

"मंग वेचन कोन? पंतोजी?" जानराव म्हणाले आणि पुन्हा तरंगू लागले.

वेचणीचा पहिला दिवस सीतादहीचा. त्या घरची रीत अशी की वेचणारीने दहीभाताचा घास तोंडात धरून पहिली ओटी भरायची, मग तो झाडांवर फुंकायचा. बोंडं तशी फुटावीत म्हणून. तोवर बोलायचं नाही. घास गिळला तर वर्षाचं पीक गिळलं.

नेमके त्याच सकाळी शाळा तपासनीस आले. शाळेत एकोणीस नावं आणि शून्य पोरं, म्हणून पुण्याकडचे ते गृहस्थ जोडे हातात घेऊन वावरांतून पोरं हुडकत हिंडत होते.

"मुली, नाव काय तुझं?"

मनकर्णाने फुगलेले गाल त्यांच्याकडे वळवले.

"वय?"

गाल.

"बरं, शाळेत येशील?"

ज्या प्रश्नाची तिने तीन महिने वाट पाहिली तो आला, तेव्हा तोंडात दहीभात. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. घास हलला नाही.

आई, गोदाबाई, काही सांगणार तोच जानराव पुढे झाले. "जलमाची मुकी हाय, सायेब. पन वेचते लय सुंदर."

"अरेरे," म्हणत तपासनीसांनी ‘मुकी’ असं लिहायला वही आणि दौत उघडली.

मनकर्णाने लेखणी बुडताना पाहिली. ती खाली बसली, ओटीतला कापूस काढून दवाने ओल्या मातीवर एकेक पुंजका मांडू लागली. एक उभी रेघ, एक गाठ, एक आडवी, पुन्हा एक उभी. काळ्या मातीवर पांढरा, हातभर म. त्याच्या कडा वाऱ्याने जराशा थरथरत होत्या.

लेखणी थांबली. मग गोदाबाईने रीत सांगितलीच. "हिची ओटी भरू द्या, सायेब."

सरकार थांबलं. ओटी भरली, फुंकर सुटली. झाडांना दहीभात मिळाला, थोडा सरकारी वहीलाही.

"मनकर्णा जानराव. नऊ वर्सं. येतो मी शाळंत!" ती एका दमात म्हणाली.

तपासनीसांनी वही पुसली. "जानराव, जन्माची मुकी ना?"

"आत्ताच वाचा फुटली, सायेब. सरकारची किरपा!"

विसावं नाव लागलं. साहेब गेल्यावर जानराव त्या अक्षराशी वाकले. "काय हाय हे?"

"म. माह्या नावाचा."

तेवढा कापूस त्यांनी कोणाला उचलू दिला नाही.

त्या साली जानरावांनी आपल्या जाड बोटांनी वेचलं. अमरावतीच्या बाजारात गयासुद्दीन दलालाने कापसाचा बोथा उघडला आणि ओरडला, "जानरावभाऊ, कपास आनली का पालेभाजी?"

"माह्या पोरीचे बोटं शाळेत गेले ना!" जानराव असे म्हणाले की जणू तोच कापसाचा चढा भाव.

परतताना गाडी नेहमीसारखी तरंगली. फक्त आता मागे कोणीतरी पाटी मांडीवर घेऊन बसलेलं होतं, आणि वर पोचेपर्यंत एकसारखं बोलत होतं.