नख नाही, बोटांची पाठ

स्वतःच्या तोंडाला स्वतःचा हात न लावता जगणारा माणूस मी उभ्या तालुक्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या गावचा मापाडी होता. गालावर माशी बसली तर तात्या फुंकर मारून तिला उठवायचे. फुंकरीला न जुमानणारी निघाली तर तिचं समाधान होईपर्यंत बसू द्यायचे. बाजारात दिवसभर धान्याची मापं टाकायची आणि मोठ्यानं मोजायची, हा त्यांचा धंदा. पहिल्या मापाला एक न म्हणता "लाऽऽभ" म्हणायची रीत आहे. तात्यांचा लाभ वेशीबाहेर ऐकू जायचा. बाजरीचं ते बारीक खाजरं कूस हवेत उडायचं, आजूबाजूचे हमाल माना, काखा खाजवून हैराण व्हायचे, आणि मध्ये तात्या कुसानं पांढरे होऊन देवळातल्या मूर्तीसारखे स्वस्थ. कुणी विचारलं तर म्हणत, "रानीनं तोंडाला हात लावायचा नसतोय."

राणी म्हणजे ते स्वतः. पारनेरपासून जवळच असलेल्या आमच्या गावात चैत्रात जत्रा भरे आणि जत्रेला नाटक होई. नाटक दर वर्षी वेगळं, राणी मात्र तीच. राजा तिला दर वर्षी नव्या कारणानं वनात धाडी. पन्नाशीला आलेला, सहा फुटी, घोगऱ्या आवाजाचा मापाडी लुगडं नेसून उभा राहिला की परगावचे पाहुणे आधी हसत. पण तात्या एकदा "प्राणनाथ" म्हणाले की हसू गळ्यातच अडके. या एका दिवसासाठी ते वर्षभर चेहरा जपत. दिवसाआड दाढीला जात. न्हावी कुरकुरे, "तात्या, आधी उगवू तर द्या." तात्या डोळे मिटून हनुवटी वर करत आणि म्हणत, "करा सावकाश. मला काय बी घाई न्हाई." घाई असायला घरी होतं कोण? बायको लग्नानंतर लवकरच वारली होती. दुसरी त्यांनी केली नाही. भाकरी मात्र दोन माणसांच्या करत आणि उरलेली गल्लीतल्या कुत्र्याला नावानं हाक मारून घालत.

मी बदली होऊन या गावच्या शाळेत आलेला नवा गुरुजी. पहिल्याच जत्रेला तात्यांनी मला दासीचं काम दिलं. "गुरुजी, तुमचं बोट मऊ हाय. खडूनं झालंय," असं त्याचं कारण. दासीला संवाद नव्हता. राणीच्या मागं उभं राहून घायपाताच्या वाखाची चवरी ढाळायची, एवढंच. पण खरं काम निराळं होतं. सफेदा, शंखजिरं आणि खोबरेल यांचा लेप तात्यांच्या तोंडावर इतका जाड बसे की भिंतीला दिला असता तर दोन पावसाळे टिकला असता. त्याच्याखाली खाज सुटणारच. सुटली की राणीनं डाव्या हातातली बांगडी दोनदा वाजवायची. मग दासीनं पुढं येऊन चवरीच्या आडून गाल खाजवायचा. "नख न्हाई," त्यांनी मला बजावलं होतं. "नखानं रंग निघतोय. बोटाची पाठ. अशी, वरून खाली."

मी ते काम मनापासून केलं. गॅसबत्तीच्या उजेडात चवरीच्या सावलीत काय चालतं ते कुणाला दिसत नसे. राजा गर्जत असे, राणी विनवत असे, मध्येच बांगडी वाजे, मी पुढं होई, आणि तात्यांचे डोळे क्षणभर मिटत. प्रयोग संपला की मागच्या बाजूला उपड्या डब्यावर बसून ते तोंड वर करत आणि मी तेलाच्या फडक्यानं रंग उतरवी. मला एकच नवल वाटे. तालमीत ऊन असो, घाम असो, या माणसाला कधी खाज सुटत नसे.

मग दुष्काळाचं वर्ष आलं. सगळं गाव खडी फोडायला जात होतं. रॉकेल मिळेना, म्हणून नाटक दिवसाउजेडी करायचं ठरलं. तात्या म्हणाले, "उन्हात रानी वितळंल, बाबांनो." पण झालं तसंच. माझं लग्न त्याच वर्षी झालेलं. सासुरवाडी श्रीगोंद्याकडची, उसातली माणसं. सासरे, मेव्हणा आणि बायको पहिल्या रांगेत बसले होते. सासरे गुळाच्या ढेपेसारखे, हलत नव्हते. मी चवरी घेऊन बाहेर आलो तसा मेव्हणा मोठ्यानं म्हणाला, "दाजी, लुगडं ताईचं का ओ?" रांग हसली. बायकोनं मान खाली घातली. सासरे हसले नाहीत, तेच मला जास्त लागलं.

मी मागं सरकत सरकत खांबाला जाऊन चिकटलो.

दुसऱ्या अंकात राजा तोडून बोलून निघून गेला, राणी एकटी उरली आणि बांगडी वाजली. मी ऐकली. चार पावलं पुढं जाऊन एका पुरुषाच्या गालावरून बोटं फिरवायची, भर उन्हात, सासऱ्यांच्या देखत. मी हललो नाही. बांगडी पुन्हा वाजली. मग तात्यांनी नाटकात नसलेलं वाक्य घातलं, "सखे, आहेस ना गं मागं?" मी लांबूनच चवरी हलवली. त्यांनी मान किंचित वळवून माझ्याकडं पाहिलं. पुढं वळले तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्या जाड सफेद्यातून दोन काळ्या वाटा हनुवटीपर्यंत उतरल्या होत्या. "आगं बया, रानी खरंच रडतीया!" गर्दीतून कुणी बाई म्हणाली. खडी फोडून फोड आलेल्या हातांनी बायका डोळे पुसू लागल्या. असं काम तात्यांनी जन्मात केलं नव्हतं, असं गाव पुढं कितीतरी दिवस म्हणत होतं. सासरेही म्हणाले, "रंग झोंबून डोळं भरलं असतील तर ती गोष्ट येगळी, पन काम नामी केलं गड्यानं."

नाटक संपल्यावर तात्या डब्यावर बसले होते. शेजारी तेलाची वाटी, तोंड वर, डोळे मिटलेले.

"तात्या, पाहुण्यांची गाडी आहे. निघतो मी."

डोळे न उघडता ते म्हणाले, "जावा, जावा. पाव्हन्यांना खोळंबून ठिवू ने."

पुढच्या बाजारी ते मापं टाकायला उभे राहिले तेव्हा कानांच्या पाळ्यांमागं सफेदा तसाच होता. पोरं हसत होती. लाभ मात्र वेशीपर्यंत गेला नाही.

त्यानंतर तात्यांनी राणी केली नाही. माझी कर्जतला बदली झाली. मध्ये वर्ष गेलं आणि एकदा पारनेरच्या एस.टी. स्टँडवर ते दिसले. बाजारातूनच आले होते, अंगभर बाजरीचं कूस. मी मनातलं एकदाचं बोलून टाकलं. "तात्या, त्या दिवशी तुम्हाला खाज असह्य झाली होती. बांगडी मी ऐकली होती. लाजेनं पुढं आलो नाही."

"खाज?" तात्या हसले. "गुरुजी, जल्म बाजरीच्या कुसात गेला माजा. बोटभर सफेद्याचं मला काय हुतंय?"

"मग बांगडी?"

"घरात कडी वाजत न्हाई का भांडं वाजत न्हाई. म्हनलं, जत्रंच्या दिशी तरी आपुन वाजवावं आन् कोनीतरी यावं." मग माझी समजूत घालावी तसं म्हणाले, "येत हुता की तुमी. लई बरं वाटायचं."

त्यांच्या डाव्या गालावर कुसाचा एक पुंजका चिकटला होता. माझा हात उठला. आजूबाजूला पाचसहा माणसं होती, मला ओळखणारं त्यांत कुणी नव्हतं. तरी हात अर्ध्यातून वळला आणि पिशवीच्या बंदाशी चाळा करत बसला. तेवढ्यात गाडी लागली.

जागा मिळाल्यावर खिडकीतून पाहिलं. तात्या तिथंच उभे होते. गाडी हलली तसा त्यांनी हात वर केला. मला वाटलं, निरोपाला. तो हात गालावर गेला आणि सावकाश वरून खाली आला. नख नाही, बोटांची पाठ.