दुसऱ्या फेरीतून मी परत पाठवलेल्या काकू

मित्रांनो, आज माझ्या हातून चूक झाली. आमच्या वॉर्डाने ग्रामपंचायतीसाठी एकच उमेदवार ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या. मागच्या फेरीत इच्छुक तिघींपैकी कुणालाच निम्म्याहून जास्त मते नव्हती, म्हणून आज पहिल्या दोघींत पुन्हा मतदान झाले.

यादी माझ्याकडे होती. शेजारच्या सुमनकाकूंच्या नावापुढे मागच्या वेळची खूण नव्हती. मी त्यांना अडवले.

"काहून रे? तवा मी वणीच्या दवाखान्यात होती."

"नियम आहे, काकू."

"बरं बापू. तू शिकलेला, तुले समजते."

एका मताने निकाल लागला. मग मी या मतदानासाठी वॉर्डाने केलेल्या ठरावाचा कागद वाचला. वॉर्डाच्या यादीत नाव असलेल्या प्रत्येकाला दुसऱ्या फेरीत मत देता येते, पहिल्या फेरीत दिले नसले तरी.

निवडलेल्या ताईंना हार घालून झालेत. आता आधी कुणाला सांगू, काकूंना की सगळ्यांना?