टाकोवर थोडी भाजी वाढ

किस्से गोळा करायला मी काही जात नाही. ऑफिसातून येते, रिक्षातून उतरते, पिठाच्या गिरणीशेजारी मेल्विनच्या गाडीवर एक टाको खाते आणि घरी जाते. एवढ्यात रोज काहीतरी घडतंच. घरी सांगितलं की नवरा म्हणतो, "तू खायला जातेस की ऐकायला?" दोन्हीला. त्यात काय लपवायचं!

मेल्विन उत्तनकडच्या तारोडीचा. नऊ वर्षं प्रवासी जहाजाच्या किचनमध्ये होता. एका बाजूला मेक्सिकन कुक, दुसऱ्या बाजूला कोरियन, आणि मधे हा. तिथे शिकला ते आता भाईंदर वेस्टला विकतोय. मक्याची छोटी पोळी, त्यात कोरियन मसाल्यातलं पनीर आणि वर किमची, म्हणजे तिखटमिठात मुरवलेला कोबी. आमची वस्ती बघून गाडी प्युअर व्हेज ठेवलीय. नाताळपर्यंत चालली तर ठीक, नाहीतर परत जहाज, असं त्यानं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. म्हणून आम्ही जरा जास्तच खातो. पोरगा गुणी आहे हो, जाऊ नये असं फार वाटतं.

*

नवऱ्याला पहिल्यांदा नेलं तो दिवस. मेल्विननं टाको हातात दिला. आमच्या साहेबांनी तो प्लेटमध्ये ठेवला, उलगडून सपाट केला, आणि पोळीचा तुकडा मोडून भाजीला लावून खायला लागले.

मी म्हटलं, "अहो, तो दुमडून खातात."

"कोण खातात? मी असाच खातो."

पनीर संपलं, अर्धी पोळी उरली. तेव्हा प्लेट पुढे करून म्हणाले, "थोडी भाजी वाढ रे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेल्विननं वाढली. तर शेजारी उभ्या असलेल्या दोघांनी लगेच आपापले टाको उलगडले आणि प्लेटी पुढे केल्या. आता आमच्या गल्लीत टाको असाच खातात.

*

सुका टाको ही मात्र माझी करणी. पाणीपुरीनंतर सुकी पुरी मागायची, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. माझा टाको संपला आणि हात आपोआप पुढे गेला.

"मेल्विन, एक सुका दे."

"आंटी, टाकोत पण सुका?"

"मग? रिकामी पोळी, वर चिमूटभर मसाला. त्याचे पैसे नसतात."

तो बिचारा विचारात पडला. "जहाजावर असं कधी कोणी मागितलं नाही."

"म्हणून तर ती माणसं अजून समुद्रात फिरतायत," मी म्हटलं. त्यानं दिला. आता सुक्यांचा वेगळा डबाच आहे त्याच्याकडे.

*

त्याला खरा घाम फोडला तो हेतलबेननं. ही आमच्या समोरच्या फ्लॅटमधली, पक्की जैन. तिनं विचारलं, "जैन मिलेगा?" मेल्विननं तिच्यासाठी कांदा-लसूण नसलेली किमची घातली. चार दिवसांनी मोठ्या हौसेनं टाको भरून समोर ठेवला. हेतलबेननं उचलता उचलता विचारलं, "आज का है ना? वासी नहीं चलेगा, हं."

"आंटी, चार दिन का है. ये तो पुराना ही अच्छा लगता है."

हेतलबेननं प्लेट हळूच गाडीवर ठेवली आणि दोन पावलं मागे गेली.

मेल्विन चिवट. दुसऱ्या दिवसापासून तो तिच्यासमोर ताजा कोबी चिरून, तिखट चोळून देऊ लागला. आठवडा बरा गेला. मग आली चौदस. चौदशीला हेतलबेनला भाजी बंद, म्हणजे कोबीही गेला. राहिलं पनीर आणि पोळी, तेच तिनं मजेत खाल्लं. मेल्विननं त्याच आठवड्यात येशूच्या फोटोशेजारी जैन पंचांग टांगलं. हल्ली बिल्डिंगमधल्या बायका उद्याची तिथी त्यालाच फोन करून विचारतात.

*

मेल्विनची आई लुसीबाय मासळी विकते. बाजार उठला की उरलेली टोपली घेऊन गल्लीतून जाते आणि गाडीसमोर थांबून सगळ्यांदेखत लेकाला बोलते. "कोलनीचा पोर पनीर विकतो. जा तुझ्या जहाजावर. तिथं मासली तरी शिजवशील."

एकदा ती थेट गाडीला टेकूनच उभी राहिली. मेल्विनची धांदल उडाली. "आई, टोपली घेऊन इथे नको ना. गाडी व्हेज आहे."

"गाडी व्हेज हाय. मी न्हाय."

पण गेली बिचारी रस्ता ओलांडून आणि समोर टोपली टेकवली. टाकोसाठी थांबलेल्यांतले चौघे तिच्यामागोमाग गेले आणि मांदेली घेऊन तसेच घरी निघून गेले. त्यांतला एक आमचा नवरा.

*

डिसेंबर लागला आणि जहाजावरून फोन आला. सोमवारी पासपोर्ट घेऊन एजंटच्या ऑफिसात ये, आठवड्यात निघायचं. गाडी बरी चालली होती, पण नुसतीच बरी. मेल्विन म्हणाला, "जावं लागेल, आंटी." शनिवारी गेले तर त्याचा चेहरा वेगळाच. पासपोर्ट सापडत नव्हता. कपाट, पेटी, गादीखाली, सगळं दोनदा झालं होतं.

तेवढ्यात लुसीबाय आली. टोपली नाही, अंगावर धुतलेलं लुगडं. माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "एक दे." इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मेल्विननं टाको दिला आणि तव्याकडे वळला. तिनं दुमडूनच खाल्ला, अगदी सावकाश.

मग माझ्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाली, "बाय, तू हापिसात जातेस ना? पासपोर्ट हरवला तर नवा यायला किती दिस लागतात?"

"पोलिसात कळवायचं, मग अर्ज... महिना तरी धरा."

"आनि जहाज थांबतं तवर?"

"जहाज कसलं थांबतंय, लुसीबाय."

तिनं पदरानं तोंडावरचं हसू पुसलं आणि प्लेट लेकापुढे केली. "आनखी एक दे. तिखट जास्त टाक."