वायर काढा, तीस मोजा

टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे किस्से फार जमतात, आणि त्याला कारण आहे. आम्ही घरी जातो तेव्हा टीव्ही बंद असतो, त्यामुळे घरातल्या सगळ्यांना त्या दिवशी बोलायला वेळ असतो. रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. सव्वीस वर्षं झाली. पण आज सांगतोय ते सगळे किस्से गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातले, ज्या तीन महिन्यांत मी एकाही गिऱ्हाइकाच्या घरी गेलो नाही.

सुरुवात पडण्यापासून झाली. सावंतांकडे पंचावन्न इंची एलईडी भिंतीवर चढवायचा होता. भिंत जुनी, चिऱ्याची. चिऱ्यात ड्रिल घातलं की नुसती लाल माती भुरभुरते, स्क्रू काही पकड घेत नाही. मी स्टुलावर उभा राहून चौथं भोक पाडत होतो आणि स्टूल कलंडलं. उजवा पाय अंगाखाली आला. डोळ्यांपुढे अंधारी आलेली, आणि त्यात सावंतांचा धीर देणारा आवाज ऐकू आला, "दिनूभाऊ, घाबरू नका, टीव्ही मी धरलाय!"

खोटं कशाला बोलू, मीही आधी तेच विचारणार होतो.

त्याच सावंतांनी मला गाडीत घालून दवाखान्यात नेलं आणि प्लास्टर होईपर्यंत ते बाहेर बसून राहिले. त्यांचा टीव्ही अजून टेबलावरच आहे. भिंतीवर लावायचं नाव काढत नाहीत.

* * *

डॉक्टर म्हणाले, तीन महिने स्कूटरला हात लावायचा नाही.

माझं काम म्हणजे स्कूटर. पावस, गणपतीपुळे, आतली गावं, सगळीकडे जायचं. त्यात नाक्यावर नवं शोरूम उघडलेलं, एकसारखे टी-शर्ट घातलेली त्यांची माणसं घरपोच सर्व्हिस देत होती. तीन महिन्यांत गिऱ्हाइकं तिकडे वळली तर परत माझ्याकडे कशाला येतील? मी कॉटवर पडून हाच विचार करायचो. वसुधानं, म्हणजे बायकोनं, एकदा ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाय मोडलाय ना तुमचा? फोन कुठे मोडलाय?"

दुसऱ्या दिवशी तिनं दुकानाच्या दारावर पुठ्ठा लावला. "मालक पडले आहेत. फोनवर सांगतील." खाली माझा नंबर.

* * *

पहिला फोन पावसच्या गुरुजींचा. ते मला चौथीला शिकवायला होते. अजून मला दिनकर म्हणतात आणि मी अजून त्यांच्याशी बोलताना ताठ बसतो, प्लास्टरसकट.

"दिनकर, टीव्ही दोन वर्षांचा झाला. पहिल्या दिवसापासून चित्र धुरकट आहे. मला वाटलं माझा मोतीबिंदू. ऑपरेशन झालं, तरी धुरकटच."

सेटिंग सगळी तपासून घेतली. स्क्रीन पुसायला लावली. शेवटी म्हटलं, "गुरुजी, स्क्रीनच्या कोपऱ्यात नखानं जरा खरवडून बघा."

त्यांनी खरवडलं. मग म्हणाले, "प्लॅस्टिक सुटतंय. पण ते काढलं तर नवेपणा जाईल ना रे?"

कारखान्यातून येताना लावलेला तो प्लॅस्टिकचा कागद दोन वर्षं तसाच होता. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीनं दोन बाजूंनी धरून तो सोलला, मला फोनवर आवाज ऐकू येत होता. संध्याकाळी गुरुजींचा परत फोन.

"दिनकर, चित्र आता इतकं स्वच्छ आहे, की बातम्या देणाऱ्याची झोप झालेली नाही हेसुद्धा दिसतं."

* * *

दुसऱ्या आठवड्यात मिरकरवाड्याच्या खैरूनभाभींचा फोन. भाभी जेटीवर मासे विकतात. टीव्हीचा लाल दिवा लागत होता, पण चित्र येत नव्हतं.

मी म्हटलं, "भाभी, मागची वायर प्लगमधून काढा. टीव्हीचं बटण दाबून धरा आणि तीस मोजा. मग वायर परत लावा."

भाभींनी मोठ्यानं तीस मोजले. टीव्ही लागला. भाभी म्हणाल्या, "एवढंच? मग तू इतकी वर्षं घरी येऊन काय करायचास?"

"हेच करायचो, भाभी."

"आणि ती बॅग भरून हत्यारं?"

दुपारी त्यांच्याकडून एक सुरमई आली. सोबत निरोप होता, खरं बोललास म्हणून.

सुरमई तळताना वसुधा म्हणाली, "सगळंच फोनवर शिकवून टाकलंत, तर पाय बरा झाल्यावर बोलवेल कोण तुम्हाला?" तिनं सहज म्हटलं असेल. मला मात्र त्या दिवशी सुरमई गोड लागली नाही. पण करणार काय? समोरचा माणूस अडलेला, आणि आपल्याला येतंय. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

* * *

एकदा मुंबईहून फोन आला. गडी कुठल्याशा ऑफिसात शिपाई, गावच्या घरी गणपतीला टीव्ही घ्यायचा होता. किती इंची घेऊ, म्हणून विचारत होता. मी म्हटलं, टीव्हीपासून बसायची जागा किती लांब, त्यावर ठरतं. वडिलांना मोजायला सांगा.

अर्ध्या तासानं वडिलांचाच फोन आला. विहिरीचा दोर घेऊन मोजायला उभे होते.

"कुठून मोजू? मी बसतो तिथून, का वाडी बसते तिथून?"

"वाडी कुठे बसते?"

"मॅच असली म्हणजे तुळशीपर्यंत बसते. तुळशीपासून मोजला तर दोर पुरत नाय."

तेवढ्या लांबून दिसायचा तर थिएटरचा पडदा लागला असता. मी त्रेचाळीस इंची सांगितला. त्यांनी तो घेतला आणि वाडीला नीट दिसावा म्हणून ओटीवर, अंगणाकडे तोंड करून लावला. आता घरच्यांना टीव्ही बघायचा झाला तर अंगणात जाऊन बसावं लागतं.

* * *

त्या तीन महिन्यांत एक फोन मात्र न चुकता यायचा. दर रविवारी, सकाळी दहाला. अनसूयाकाकींचा.

काकी संगमेश्वरकडच्या एका गावात एकट्या राहतात. शेजारचं घर मुंबईवाल्यांचं, वर्षातून दोनदा उघडतं. चावी काकींकडे. त्या घरातला टीव्ही मीच बसवला होता आणि जाताना बजावलं होतं, पावसाळ्यात आठवड्यातून तासभर तरी चालू ठेवा, नाहीतर दमट हवेनं आतून खराब होईल. मुंबईवाल्यांनी ते काम काकींना सांगितलं.

काकी दर रविवारी कुलूप काढून टीव्ही लावतात आणि त्याच्याकडे पाठ करून तासभर तांदूळ निवडतात. मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय. म्हटलं, "काकी, लावलाच आहे तर बघा की."

"दुसऱ्याचा टीव्ही हाय. तापवायला सांगितलानी, बघायला नाय."

तर त्या रविवारी मला फोन करून सांगायच्या, "टीव्ही चालू केलाय. तुझा पाय कसा हाय?" मी सांगायचो, सूज उतरली, प्लास्टर निघालं, कुबडी सुटली. त्या नुसतं "बरा" म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या. घरच्यांनंतर माझ्या पायाची इतकी नेमानं चौकशी दुसऱ्या कुणी केली नाही.

* * *

तीन महिने झाले. मी स्कूटर पुसून तयार ठेवली आणि पुठ्ठा काढला. पहिले नऊ दिवस कुणीच बोलावलं नाही.

फोन येत होते, आभार मानायला. गुरुजी म्हणाले, "शेजाऱ्यांचा टीव्ही मीच सुरू करून दिला." भाभी तर अख्ख्या जेटीला तीस मोजायला शिकवत होत्या. मला आनंद होत होता, आणि वसुधाचं सुरमई तळतानाचं बोलणंही आठवत होतं.

दहाव्या दिवशी अनसूयाकाकींचा फोन आला. रविवार नव्हता.

"टीव्ही लागत नाय. ये."

"काकी, मागची वायर काढा आणि..."

"तो काम फोनवर व्हायचा नाय. तू ये."

गेलो. दीड तास स्कूटरवर, गुडघा ठणकत होता. काकी मुंबईवाल्यांच्या दारातच उभ्या. मी ओटीच्या चार पायऱ्या चढलो, आत गेलो, तर म्हणाल्या, "बॅग बाहेर ऱ्हायली तुझी. जा, घेऊन ये." परत उतरलो, परत चढलो. त्या माझ्या पायांकडे बघत होत्या.

टीव्हीच्या मागे वाकलो. प्लगची वायर काढून, नीट गुंडाळून, वर रबर लावून ठेवलेली होती.

मी काकींकडे बघितलं. त्यांनी चेहरा जराही हलू दिला नाही. मी वायर लावली आणि टीव्ही लागला.

"आता तासभर चालू ऱ्हायला होवा," काकी म्हणाल्या, "तूच सांगितला होतास. बस."

त्यांनी मला खुर्ची दिली, पाय ठेवायला पुढ्यात पाट सरकवला, आणि तांदळाचं सूप मांडीवर घेऊन टीव्हीकडे पाठ करून माझ्यासमोर बसल्या.