पहिलीतल्या मुलीचं हॉलतिकीट

विसरवाडीच्या स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्या बाई माझ्याकडे वळल्या आणि गंभीरपणे म्हणाल्या, "अण्णा, आज कोणती तारीख शे? अन् साल?"

मी गारच पडलो. शेजारी उभ्या लेकीची भरतीची परीक्षा उद्यावर आलेली, हॉलतिकीट अजून निघालेलं नाही, साइट उघडायला जावं तर 'कनेक्शन सुरक्षित नाही' अशी तंबी, आणि जिच्यावर सगळी भिस्त त्या बाईला साल माहीत नाही! मी नाटकातल्या राजाच्या आवाजात तारीख जाहीर केली. बाई पदराने स्क्रीन पुसत खदखदून हसल्या.

"माले ठाऊक शे हो! पण गिऱ्हाईक घाबरेल दिसनं का मी जराशी गंमत करस. या कॉम्प्युटरना सेल मरेल शे. लाइट गई का हऊ सोळा वरीस मांगे जास. तेन्हा हिशोबे तुमनी पोर आजून पहिलीमा शे. तिले हॉलतिकीट कसं दी तो?"

घड्याळ मागे पडल्यामुळे साइटचा सुरक्षिततेचा आजचा दाखलाच कॉम्प्युटरला खोटा वाटत होता. बाईंनी कोपऱ्यातली तारीख बदलली आणि कॉम्प्युटरला लाडाने एक चापट मारली. साइट मुकाट उघडली. हॉलतिकीट लेकीच्या हातात पडलं आणि लाइट गेली.

"गई पोर परत पहिलीमा!" बाई ओरडल्या.

आम्ही दोघं हसतच बाहेर पडलो. हायवे ओलांडताना मी सवयीने लेकीचा हात धरला. एरवी ती तो झटकून टाकते. त्या दिवशी पलीकडे पोचेपर्यंत तिने तो माझ्या हातात राहू दिला.