वास येते का वो, बाई?

"वास येते का वो, बाई?"

आधी सामाईक भिंतीवर बोटांची टकटक, मग अंगणाच्या कठड्यावरून वर आलेलं पांढऱ्या केसांचं डोकं आणि हा प्रश्न. मी कणीक मळत असो की नवऱ्याशी भांडत असो, काम थांबवायचं, नाक वर करायचं आणि उत्तर द्यायचं, "नाई वो काका. काईच नाई." तिकडून यायचं, "मंग ठीक." आणि डोकं खाली.

तुम्ही म्हणाल, हा काय वेडेपणा? मीही आधी तेच म्हणत होते. सांगते.

बोरगाव मेघेतल्या आमच्या लेआऊटमध्ये घरं जोडीनं बांधलेली आहेत, दोघांत मिळून भिंत एक. पलीकडचं घर काकांचं. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. माणूस एकटा, पण घरात पाय ठेवायला जागा नाही. सगळं अमेरिकेतलं जुनं सामान! आमच्या वर्ध्याकडच्या कंडक्टरच्या घरात अमेरिका कुठून आली, हे मलाही पहिल्यांदा पटलं नव्हतं.

त्यांची आई मिशनच्या दवाखान्यातल्या अमेरिकन डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यावर कामाला होती. बाईंनी येताना बोटीतून घरचं सामान आणलेलं, त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या वेळचं. झुलती खुर्ची, फुलं रंगवलेली निळी पेटी, चांदण्यांच्या ठिगळांची गोधडी, कोरीव पलंग. आणि एक तैलचित्र. त्यात बर्फात बुडालेलं गाव, एक लाल कोठार आणि एका घराच्या धुराड्यातून निघालेला धूर. लहानपणी काकांना हे सगळं बघायची मुभा होती, हात लावायची नव्हती. पुढे बाई मायदेशी परतल्या, बंगल्यातल्या सामानाचा हर्रास झाला आणि ते गावोगाव पांगलं. काका एसटीत लागले आणि ड्युटीवर फिरता फिरता त्यांना त्यातलं एकेक दिसू लागलं.

समुद्रपूरच्या वाटेवर एका किराणा दुकानात झुलती खुर्ची सापडली. गिऱ्हाईक मागे कलंडतं म्हणून दुकानदारानं तिच्या खालच्या वाकड्या पट्ट्या करवतीनं कापून टाकल्या होत्या. आंजी गावात निळ्या पेटीत कोंबडी अंडी उबवत बसली होती. काका पैशाची गोष्टच काढत नसत. नवी वस्तू द्यायची, जुनी उचलायची. नवी कोरी लोखंडी आलमारी घ्या, पेटी द्या. मग पेटी एसटीच्या टपावर.

"लोकं हासत माह्यावर," ते सांगायचे. "म्हणत, हा येडा भंगार नेते अन् नवं देते. म्या म्हटलं, हासा लेकहो!"

पलंगाची गोष्ट सांगताना मात्र त्यांचा आवाज खाली यायचा. तो एका खेड्यात सापडला होता, मालकही बदलीला राजी होता. काका आलमारी घेऊन गेले, तोवर होळी होऊन गेली होती. गावच्या पोट्ट्यांनी पडवीत पडलेला पलंग उचलून होळीत टाकला होता. राखेतून पलंगाचा एक अर्धा जळालेला पाय निघाला. तो काकांनी घरी आणला आणि तैलचित्राच्या खाली ठेवला.

तेव्हापासून हा माणूस आगीला जो भ्यायला, तो भ्यायलाच. घरात दिवा नाही, उदबत्ती नाही. देव बिचारे मागच्या अंगणात तुळशीपाशी. गॅसची शेगडीसुद्धा बाहेरच्या टिनाखाली. दूध आणायला निघाले तरी मेन स्विच बंद. माझ्या नवऱ्यानं एकदा त्यांच्या फाटकाशी बिडी पेटवली, तर काकांनी ती ओठातून काढून नळाखाली धरली. नवरा आठवडाभर फुगून होता.

एकदा मला चित्र दाखवताना त्यांनी त्या धुराड्यावर बोट ठेवलं. "इथून धूर निघून राह्यला ना, मले याचीबी धास्ती वाटते वो." मी खो खो हसले. काका हसले नाहीत.

मग करोना आला. काका त्यातून वाचले, पण त्यांचं नाक गेलं. चव हळूहळू परतली, वास काही परत आला नाही. एका सकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसले. "बाई, माह्या घरात आग लागली त मले समजनबी नाई. धूर नाकात जाईन अन् मी बसलो राहीन. तुमचं नाक द्याल का?"

मी तोंडाची फटकळ. म्हणणार होते, नाक काय वाटीभर साखर आहे का उसनं द्यायला? पण बोलता बोलताही ते मान वळवून आपल्या घराकडे बघत होते. म्हटलं, "विचारत जा काका. मी सांगत जाईन."

खरं सांगते, त्या दिवसापासून ती भीती भिंत ओलांडून आमच्या घरात राहायला आली. कुठं कचरा पेटला, कुणाची फोडणी करपली, की मी आधी कठड्यावरून पलीकडे डोकावायचे. भाजी चढवली की मी धावत अंगणात, वास आपलाच ना? नवरा म्हणे, "तू बी कंडक्टर झाली काय?" पण काकांच्या "मंग ठीक"ची मला सवय लागली होती. ते ऐकलं की मलाही बरं वाटायचं.

वर्ध्याचा मे महिना कसा असतो, तुम्हाला सांगायला नको. उन्हानं लाकूड तडकतं, म्हणून काका या दिवसांत सगळ्या सामानाला जवसाचं तेल चोळायचे. तेल बरणीत घालून उन्हात ठेवायचं, घट्ट करायचं आणि कापसाच्या बोळ्यानं चोळायचं. तेलकट बोळे बाहेर टाकायची त्यांना भीती. कोणाची बिडी पडली तर? म्हणून ते टोपल्यात दाबून आतल्या खोलीत ठेवायचे आणि दार लावून घ्यायचे.

त्या दुपारीही टकटक झाली. "वास येते का वो, बाई?"

मी नाक वर केलं. येत होता. चांगला खमंग.

"येते ना काका. कोणीतरी जवस भाजून राह्यलं. चटणी करत असन."

"जवस?" काकांचा चेहरा सैल झाला. "बाप्पा! मंग ठीक."

आता तुम्हीच सांगा, आमच्याकडे जवस भाजल्याच्या वासाला कोण भिणार? ज्या घरात भाकर, त्या घरात जवसाची चटणी. माझ्या तर तोंडाला पाणी सुटलं होतं.

थोड्या वेळानं तो वास कडू झाला, घशात उतरला. मी बाहेर धावले. काका अंगणात बरणी हलवत उभे, आणि त्यांच्या मागे आतल्या खिडकीतून धूर.

"काका, आग!"

जन्मभर आगीला भ्यालेला तो माणूस एका उडीत घरात शिरला. मी सदरा धरला, तो माझ्या हातात फाटला. मी बोंबलले, लेआऊट गोळा झाला, बादल्या आल्या, आणि काका काही बाहेर येईनात.

आले ते चित्र छातीशी कवटाळून. तोंड काळं, डोळे लाल. खाली बसले, खोकले आणि माझ्याकडे बघून लहान पोरासारखे हसले.

"बाई, वास आला. मले वास आला वो! जवसच होतं. तुमी बरोबर सांगतलं."

मी तिथंच मटकन बसून रडले.

मागून आलेल्या आगीच्या बंबावरच्या माणसानं सांगितलं, काडी नाही, बिडी नाही, तार नाही. जवसाच्या तेलाचे बोळे कोंदट जागेत दाबून ठेवले की आपोआप तापतात आणि पेटतात.

काका दवाखान्यातून परत आले नाहीत. धूर छातीत बसला होता. उरलेलं सामान त्यांच्या एका लांबच्या पुतण्यानं नेलं, चित्र मी मागून घेतलं. आता ते काकांच्या आणि आमच्या सामाईक भिंतीवर आहे, माझ्या बाजूनं. बर्फ काजळीनं काळा पडलाय. काकांनी छातीशी धरलं होतं तेवढा मधला भाग पांढरा राहिलाय.

परवा चटणीसाठी जवस भाजायला घेतले. वास सुटला आणि माझा हात आपोआप भिंतीवर गेला. टकटक केलं. "काका, मीच भाजून राह्यली वो."

आणि वेड्यासारखी कढई धरून उभी राहिले, पलीकडून "मंग ठीक" यायची वाट बघत. जवस करपले.