जरा बाजूला सरका!

दर रविवारी सकाळी आम्ही तिघं कॅमेरे गळ्यात अडकवून शहरभर हिंडतो. मी, कांबळे मॅडम आणि सलीमभाई. दहातले नऊ फोटो हललेले निघतात, किस्से मात्र एकही वाया जात नाही!

गुलमंडीवर एका कापडवाल्याला म्हटलं, "शेठ, हाय तसंच बसा." शेठ उठले, आत जाऊन भांग पाडून आले. खुर्ची आली. धाकटा भाऊ न सांगता खुर्चीमागं उभा राहिला. पायरीवर चहा पिणाऱ्या हमालावर सगळे ओरडले, "ए, जरा बाजूला सरक!" बिचारा कप घेऊन सरकला. पायरीवरचं कुत्रं तेवढं राहिलं. आजही फोटोत आहे, शेठच्या पायाशी, एकदम हक्कानं!

बजाजनगरच्या नाक्यावर कांबळे मॅडमना कामगारांनी बजावलं, "मॅडम, निळे शर्ट पर्मनंट, करडे ठेक्यावरचे. येगळे येगळे काढा."

"सगळे एकत्र या रे," म्हणाल्या आणि काढला ब्लॅक अँड व्हाइट. सगळे शर्ट सारखेच! पुढच्या रविवारी करड्या शर्टातला एक जण हजर. "मॅडम, एक मला पायजे. गावाकडं, कन्नडला मायला दाखवायचाय."

सलीमभाईंचं दुखणं वेगळं. अख्खं शहर त्यांच्या फोटोंत आहे, भाभी मात्र एकाही फोटोत नाहीत. कायम सोबत असायच्या, पण कॅमेऱ्याच्या शेजारी, समोरच्यांना हसवत. "मेरा क्या निकालते जी? उनका निकालो!"

गेल्या वर्षी भाभी गेल्या. तेव्हापासून सलीमभाई जुने फोटो मोठे करकरून बघतात. एखाद्या काचेत, स्कूटरच्या आरशात, निदान सावली तरी सापडावी. एकदा दुकानाच्या काचेत काळी ओढणी दिसली म्हणून आठवडाभर खूश होते. निघाली माझी छत्री!

परवा त्यांच्याकडं गेलो, तर भिंतीवर नवी फ्रेम. गारखेड्याच्या भाजीबाजारातला जुना फोटो. भाजीवाली, स्कूटरवरचे साहेब, झाडूवाली मावशी, ट्रॅफिकचा हवालदार, सगळे खळखळून हसताहेत. कॅमेऱ्याकडं एकाचंही लक्ष नाही. सगळ्यांच्या नजरा थोड्या डावीकडं, एकाच जागी.

गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस दारातच थबकला.

"चाचा, ये किसका फोटो है?"

सलीमभाई बाहीनं काच पुसत म्हणाले, "हमारी बेगम का."